पेंढ्याचा टोप

नेदरलँड्समधल्या टिलबर्गला आमच्या रस्त्याच्या टोकाला एक आयरिश गृहस्थ सायकली दुरुस्त करतात. गिऱ्हाइकाकडे न पाहता ते चाकाशीच बोलतात. "चालशील अजून थोडे दिवस." माझे पती गेल्यापासून त्यांची सायकल कुणी चालवत नाही, तरी दर महिन्याला मी ती हवा भरायला तिथे नेते. ते कधी काही विचारत नाहीत.

परवा भिंतीवर पेंढ्याचा एक उंच टोप दिसला, गळ्यापर्यंत तोंड झाकणारा.

"मुलीचं लग्न झालं," ते चाकाला म्हणाले. "मला बोलावणं नव्हतं."

त्यांच्या खेड्यात अजून एक जुनी रीत आहे. जेवणं आटोपली की असे टोप घातलेली माणसं लग्नघरी न बोलावता येतात. त्यांना कुणी नाव विचारत नाही. नवरी त्यांच्याबरोबर नाचते, मग टोप निघतात आणि ओळख पटते. हे गृहस्थही त्या माणसांत मिसळून गेले होते.

"नाचली तुमच्याबरोबर?"

"गाणं संपेपर्यंत. म्हणाली, आजोबा, दम लागला तर सांगा हं."

"आणि टोप काढल्यावर?"

त्यांनी चाक फिरवलं आणि ते थांबेपर्यंत पाहत राहिले.

"बाकीच्यांनी काढले. मी त्याआधीच बाहेर पडलो."

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ती हसत होती हो. मी टोप काढला असता, तर थांबली असती."