कपाटातली अंबाडी

विश्वचषकाच्या आधीच्या त्या वर्षांत अख्खा कतार स्टेडियम बांधत होता आणि मी कपाटात शेती करत होतो.

कपाट म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुमच्या डोळ्यांपुढे सागवानी काहीतरी यायचं. बिरकत अल अवामेर भागातल्या आमच्या कामगार कॅम्पात माणशी एक पलंग आणि एक लोखंडी कपाट मिळायचं. कपाट इतकं अरुंद की हँगरला लावलेला शर्टसुद्धा आत जाताना खांदे आखडून जायचा. दाराला वरच्या बाजूला फटी, हवा खेळावी म्हणून. (हवा खेळायची नाही. झुरळं खेळायची.)

मी इलेक्ट्रिशियनचा हेल्पर. म्हणजे इलेक्ट्रिशियन शिडीवर आणि मी शिडीखाली. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला आमच्या परभणीकडे कुणी शिडीसुद्धा धरू देत नव्हतं. इथे आणलं ते सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, थोरल्या भावाने. बबनराव त्याच कंपनीत फोरमन. साहेबाच्या टेबलापुढे उभं राहून ते म्हणाले होते, "माणूस सरळ आहे. जबाबदारी माझी." त्या एका वाक्यावर माझी चूल पेटत होती. त्यामुळे विमानातून उतरल्यापासून मी जो घाबरलो, तो घाबरलेलाच राहिलो. माझ्या हातून काही झालं तर मी घरी जाणार आणि बबनरावांची मान खाली जाणार! रस्ता ओलांडताना घाबरायचो, जेवणाच्या रांगेत घाबरायचो. पगाराच्या दिवशी तर जास्तच. (चुकून दुसऱ्याचा आला असला तर?)

फोरमन म्हणून बबनरावांना दोघांची खोली होती आणि दुसरा मी होतो. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे, पण मी बहिणीचा नवरा. म्हणून मला 'दाजी' म्हणायचे आणि रागावले तरी 'आपण' सोडायचे नाहीत. "दाजी, आपण गाढव आहात काय?" असं ते इतक्या अदबीने विचारायचे की मला उत्तर द्यावंसं वाटायचं.

आता शेतीचं. मेसमध्ये जेवण पोटभर असायचं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकदा व्हिडिओ कॉलवर सुनंदा अंबाडीची भाजी खात होती. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी, शेजारी भाकरी. तिने मोबाईल पार ताटात नेला.

"दिसते का हो? आज फारच आंबट झालीय बघा!"

दिसत होती. मी आणि बबनराव, दोन कर्ते पुरुष, एका मोबाईलकडे बघून आवंढे गिळत होतो.

पुढच्या सुट्टीवरून बबनराव परतले ते अंबाडीचं बी घेऊनच. बाहेर लावायची सोय नव्हती. तिथल्या उन्हात बी उगवायच्या आधीच वाळलं असतं. खोलीत उघड्यावर काही ठेवायला बंदी. राहिलं कपाट! मी कपडे पलंगाखाली सारले आणि कामाला लागलो. साइटवर एक कोपरा फुटलेलं एलईडी पॅनेल फेकून देणार होते, ते सुपरवायझरला विचारून आणलं. त्याला टायमर जोडला. प्रकाश वाया जाऊ नये म्हणून आतून सगळीकडे सिल्व्हर फॉइल चिकटवलं. बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा पंखा फटींना बांधला. स्टेडियमची हिरवळ लावणाऱ्या माळीलोकांनी पिशवीभर खतमाती दिली. दह्याच्या रिकाम्या बादल्या भरल्या आणि पेरणी केली. माझ्या हाताने काहीतरी पहिल्यांदाच बरोबर जोडलं गेलं होतं!

सुनंदा रोज फोनवरून शेतीची पाहणी करायची.

"अहो, केवढं पाणी ओतताय? अंबाडी आहे ती, म्हैस नाही!"

पण आली हो अंबाडी. अशी तरारून आली की दार उघडलं की पानं अंगावर यायची. सुरुवातीला पानं साधी होती, मग त्यांना बोटं फुटली. लांब लांब, कडेला दाते असलेली, पंजासारखी हिरवीगार पानं. सुनंदाने फोटो मागितला, मी पाठवला. बबनराव कामावरून आले की आधी कपाटासमोर उभे राहायचे, मग बूट काढायचे.

"दाजी, शुक्रवारी सुट्टी आहे. शुक्रवारीच काढू."

तो शुक्रवार उजाडला. सकाळी मेसमधून चहा पिऊन येताना मला नोटीस बोर्डावर नवीन पोस्टर दिसलं. सगळं इंग्रजी आणि अरबीत, म्हणजे माझ्यासाठी दोन्ही सारखंच. पण मधोमध एक मोठं चित्र होतं. जवळ जाऊन पाहिलं. आमचं पान! आणि त्यावर लाल फुली!

मी धावत खोलीत आलो.

"बबनराव, घात झाला! कंपनीला कळलं!"

"काय कळलं?"

"आपल्या अंबाडीचा फोटो लागलाय बोर्डावर. वर फुली मारलीय!"

"कंपनीला अंबाडीशी काय करायचंय, दाजी?"

"खोलीत भाजीपाला लावायला बंदी असेल!"

बबनराव बनियनवरच बघायला गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा सिमेंटच्या पोत्यासारखा झाला होता.

"दाजी, बोर्डावरची ती अंबाडी नाही. तो गांजा आहे."

मला इतकं हायसं वाटलं की मी पलंगावर बसलोच. "असं होय! मग आपल्याला काय त्याचं? आपण थोडाच गांजा लावलाय?"

बबनराव पुढे झाले. त्यांनी कपाट उघडलं, एक पान बोटात धरलं आणि माझ्या नाकासमोर आणलं.

"आपण फार भोळे आहात, दाजी. नीट बघा."

मी बघितलं. तीच बोटं, तेच दाते. अंधारी खोली, कुलूपबंद कपाट, आत चकचकीत फॉइल, दिवा, पंखा आणि ते पान! मी पोलीस असतो तर मीच मला पकडलं असतं.

"पकडलं तर इथे काय करतात हो?"

"आधी आत घालतात. मग विचारतात."

"मग सांगू ना, अंबाडी आहे म्हणून! अरबीत अंबाडीला काय म्हणतात?"

"मला अरबीत 'चला'चं 'यल्ला' आणि 'संपलं'चं 'खलास', एवढंच येतं. त्यातलं दुसरं आज उपयोगी पडेल." आणि ते खाली बसत म्हणाले, "पोस्टरच्या खाली लिहिलंय. आज दुपारी रूम चेकिंग. स्टेडियमवाल्यांचे मोठे साहेब स्वतः येणार आहेत."

मी सुनंदाला फोन लावला. का लावला ते मला विचारू नका. बुडणारा माणूस जे हाताला लागेल ते धरतो, माझ्या हाताला मोबाईल लागला.

"इतकं काय घाबरायचं?" ती म्हणाली. "भाजी आहे म्हणावं. फोटो दाखवा. मी तर अख्ख्या गावाला पाठवलाय. वर लिहिलंय, 'ह्यांची कतारमधली शेती'!"

बबनरावांनी डोकं धरलं. "सुनंदे, पुसून टाक तो!"

"का रे दादा? सरपंचांनी अंगठा दिलाय!"

आता आमच्याविरुद्ध गांजाच्या शेतीचा जाहीर पुरावा होता आणि त्याला सरपंचांची मान्यताही होती!

झाडं घालवायची कुठे? कचऱ्यात टाकावीत तर कचरा उचलणारे पिशवी उघडून बघायचे. संडासात टाकावीत तर संडास तुंबणार आणि तुंबलेल्या संडासातून ते पान वर येऊन साहेबाला सलाम करणार. कुंपणापलीकडे वाळूत फेकावीत तर गेटवर कॅमेरा. मी तर नवीनच सुचवलं, "आपणच साहेबांकडे जाऊन आधी सांगू या का?"

"काय सांगणार? 'साहेब, हा गांजा नाही, फक्त तसा दिसतो'?"

माझ्या डोळ्यांपुढे परतीचं विमान दिसायला लागलं. त्यात मी एकटा असतो तर एक वेळ चाललं असतं, पण शेजारच्या सीटवर बबनराव दिसत होते. ज्या माणसाने माझी जबाबदारी घेतली त्याला मी भाजीपायी बुडवणार होतो!

"एकच मार्ग आहे," बबनराव म्हणाले. "खायची."

"सगळी?"

"मुळं सोडून सगळी."

शिजवायला कॅम्पचं स्वयंपाकघर होतं, पण तिथवर हा भारा उघड्यावर नेणार कोण? बबनरावांच्या पलंगाखाली विजेची शेगडी होती. (खोलीत शेगडीलाही बंदी होतीच, पण त्या दिवशी तो गुन्हा आम्हाला अगदी बाळबोध वाटला.) मी पानं, देठ, कोवळ्या काड्या, सगळं बचाबचा चिरलं. मुळं मातीतच दाबून टाकली. कण्या नव्हत्या, मेसमधला भात घातला. फोडणी दिली आणि खुबुस, म्हणजे तिथली रोटी, घेऊन बसलो.

इतके महिने जिच्यासाठी जीव टाकला ती भाजी समोर होती आणि घशाखाली उतरत नव्हती. एक तर भीती. दुसरं म्हणजे भाजी इतकी आंबट झाली होती की डाव्या डोळ्याने बघायला गेलं तर उजवा मिटायचा.

"खा, दाजी."

"पोट फुटेल हो."

"फुटू दे. जेलपेक्षा दवाखाना बरा. यल्ला!"

शेवटचा घास गिळून बबनरावांनी खुबुसने पातेलं पुसून काढलं, शेगडीसकट पलंगाखाली सारलं आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

पुढे कॅम्प बॉस राव. आंध्राचे, जाडजूड, हातात किल्ल्यांचा जुडगा. मागे ते मोठे साहेब, इंग्रजी बोलणारे. साहेबांनी एसी बघितला, पलंग हलवून बघितला, छताकडे बघितलं. सगळं ठीक होतं. वळताना त्यांनी माझ्याकडे बघून हसून विचारलं, "एनी प्रॉब्लेम?"

एवढंच विचारलं हो त्यांनी. साधं 'नो सर' म्हणायचं होतं.

"नो गांजा, सर!" मी म्हणालो.

खोली गार पडली. साहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं. बबनरावांनी डोळे मिटले. आणि नेमका त्याच क्षणी टायमर टिक झाला! कपाटातला दिवा लागला, पंखा घरघरला आणि दाराच्या फटींतून असा लख्ख प्रकाश बाहेर आला की आत देव प्रकट झालाय असं वाटावं.

रावांनी कपाट उघडलं. फॉइल, दिवा, पंखा, मातीच्या बादल्या. झाड एकही नाही!

"ये क्या है?"

"अंबाडी थी, साब. भाजी."

"किधर है?"

मी पोटावर हात ठेवला.

"क्यों खाया?"

"डर गया, साब."

तेव्हा मला कळलं आम्ही काय करून बसलो होतो. गांजाचं म्हणून जे सामान लागतं ते सगळं जागेवर होतं आणि तो गांजा नव्हता हे सांगणारी एकमेव गोष्ट आम्ही फोडणी देऊन खाल्ली होती! साहेबांनी फोन बाहेर काढला. बबनराव पुढे झाले. "सर, जबाबदारी मेरी है," ते म्हणाले. मला रडू फुटलं.

राव मात्र नाक फुलवून खोली हुंगत होते. त्यांनी वाकून पलंगाखालून पातेलं ओढलं. पातेलं चकचकीत. झाकण उलटं केलं. झाकणाला एक पान चिकटलं होतं. त्यांनी ते बोटाने उचललं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. एवढा मोठा माणूस, पण खालचा ओठ थरथरला.

"गोंगूरा!" ते म्हणाले. त्यांच्याकडे अंबाडीला तेच म्हणतात. मग डोळे उघडून माझ्यावर ओरडले, "पूरा खा गया? कितने साल से खाया नहीं मैं! मेरे को बुलाया नहीं?"

"सॉरी साब, अगली बार..."

"अगली बार?" साहेब दचकले. त्यांना एवढं हिंदी येत होतं.

मग राव साहेबांशी भराभर इंग्रजीत बोलू लागले. मधूनमधून माझ्याकडे बोट दाखवत होते. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण हा भला माणूस माझी बाजू घेतोय हे दिसत होतं. मी हात जोडून 'येस सर, थँक यू सर' म्हणत मान हलवत होतो. बबनरावही दोन वाक्यं बोलले. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं, फोन खिशात ठेवला आणि हसले. शेगडी जप्त झाली. कपाट दुसऱ्या दिवशी रिकामं करायचं ठरलं. आमच्या दोघांच्या नोकऱ्या मात्र जागेवर राहिल्या.

दार बंद झाल्यावर मी बबनरावांचे हात धरले. "देवमाणूस आहेत हो राव! काय सांगितलं त्यांनी साहेबांना?"

"जाऊ द्या ना, दाजी."

"नाही, सांगाच. जन्मभर उपकार विसरणार नाही."

बबनराव एसीकडे बघत बोलू लागले.

"ते म्हणाले, सर, गांजा लावायचा तर माणसाला थोडी तरी अक्कल लागते. ह्याच्याकडे बघा. ह्याला शिडीखालीसुद्धा विचार करून उभा करावा लागतो. मग साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, खरंय सर, माझ्या बहिणीचा नवरा आहे, मला माहीत आहे. माफ करा, दाजी."

"आणि तेवढ्यावर साहेबांना पटलं?"

"नव्हतं पटत," बबनराव म्हणाले. "पण आपण प्रत्येक वाक्याला हात जोडून 'येस सर, थँक यू सर' म्हणत होता ना, त्यानंतर त्यांनी काही विचारलंच नाही."