घरची उमेदवार

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र विभागात तिला सगळे ग्रहणबाई म्हणत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सूर्यग्रहण आलं आणि या बाईनं पुठ्ठ्याला भोकं पाडून अख्ख्या आवाराला, अगदी कॅन्टीनवाल्यापासून कुलगुरूंच्या ड्रायव्हरपर्यंत, जमिनीवर सूर्याची कोर दाखवली. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलं. सासूबाईंना ते मुळीच आवडायचं नाही. "अगं, अशानं नोकरीला लागेल हो ग्रहण," त्या म्हणायच्या.

आणि नोकरी तरी कसली! दरवर्षी नवं कंत्राट, दरवर्षी तीच धाकधूक. असं अकरा वर्षं. विभागात एक कायमची जागा रिकामी होती, ती भरेपर्यंत शिकवायला कुणीतरी हवं म्हणून हिला ठेवलेलं. म्हणजे बघा, त्या जागेचं सगळं काम ही करणार, पण जागा काही हिची नाही. पहिल्या वर्षाचे तास, प्रयोगशाळा, गच्चीवरची दुर्बीण, शाळेच्या सहली आल्या की त्यांना शनीची कडी दाखवणं, सगळं हिच्या गळ्यात. "बाई, एवढं बघाल का जरा?" असं कुणी म्हटलं की हिच्या तोंडून "हो" निघालंच. नाही म्हणायला जीभ वळायचीच नाही.

शेवटी एकदाची त्या जागेची जाहिरात निघाली. आता अट अशी की जागा भरली की कंत्राट संपलं. म्हणजे निवड झाली तर जन्माची ददात मिटली, आणि नाही झाली तर सरळ घरी. चाळिशी उलटलेल्या बाईला दुसरीकडे कोण विचारतंय? नवरा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. तो स्वभावानं भाबडा, त्यानं निकालाआधीच अर्ध्या ऑफिसला सांगून टाकलं, आमच्या हिचं झाल्यातच जमा आहे.

तसं विभागातही सगळे हेच म्हणत होते. विभागप्रमुख तर जिन्यात भेटले की हसून म्हणायचे, "बाई, आता तुम्ही आमच्यातल्याच!" आणि लगेच पुढे, "ते बाहेरून येणाऱ्या उमेदवारांचं तेवढं बघाल ना?" मग काय! अतिथीगृहात खोल्या धरणं, बाहेरच्या तज्ज्ञांना गाडी पाठवणं, प्रोजेक्टर चालतोय का बघणं, सगळं ग्रहणबाईच करत बसली. स्वतःच्याच लग्नात स्वतःच वाढपी.

निवडीची त्या विभागाची रीत अशी, की प्रत्येक उमेदवारानं समितीपुढे एक तास खऱ्याखुऱ्या वर्गाला शिकवून दाखवायचं आणि मग दुपारी मुलाखत. आता खरा वर्ग आणायचा कुठून? बाकीच्यांच्या तासाला मुलं फिरकत नसत. ग्रहणबाईचा वर्ग मात्र भरलेला. तेव्हा तिनंच आपल्या पोरापोरींना सांगितलं, "उद्या सगळे या. पाहुण्यांपुढे नीट वागा. प्रश्न विचारा, पण कुणाला अडचणीत आणू नका." एक आगाऊ मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्ही फक्त तुमच्याच वेळी टाळ्या वाजवणार." ग्रहणबाईनं तिला दटावलं, पण मनातून सुखावली.

त्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून आली. मागच्या बाकावर समिती बसली: विभागप्रमुख, बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ, आणि कुलगुरूंच्या वतीनं एक अधिकारी, तो सारखा फोनमध्ये बघत होता. पहिल्या दोन उमेदवारांचे तास झाले. एक फळ्याशीच बोलत राहिला, दुसऱ्याला घाम फुटला होता. तिसरा परदेशातून आलेला, दूरच्या दीर्घिकांवर काम करणारा, त्याची गाडी रखडली. म्हणून मधल्या वेळात ग्रहणबाईचा तास आधी घ्यायचं ठरलं. ती उठली, खडू हातात घेतला, आणि तेवढ्यात दारात तो परदेशवाला हजर! केस विस्कटलेले, बॅग हातात, माफी मागतोय.

विभागप्रमुखांनी घड्याळ बघितलं. जेवणाची वेळ होत आलेली, तज्ज्ञ चुळबुळ करत होते. ते पुढे आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमचा तास राहू दे का? यांचा उरकून घेऊ. तुम्ही काय, घरच्याच. तुमचं शिकवणं आम्हाला का माहीत नाही?"

अहो, इथे नाही म्हणायचं होतं! पाय आपटून म्हणायचं होतं, की माझा तास मी घेणार, जेवण गेलं खड्ड्यात. पण ही बाई विरघळली. तिला वाटलं, घरच्या म्हणाले, म्हणजे ठरलंच की आपलं. परक्याची परीक्षा घेतात, घरच्या माणसाची कशाला घेतील? तिनं खडू त्या परदेशवाल्याच्या हातात दिला. बॅग ठेवायला जागा करून दिली. त्याचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला जाईना, तोही हिनंच जोडून दिला. मागून ती आगाऊ मुलगी कुजबुजली, "मॅडम, तुमचं?" ग्रहणबाईनं डोळे वटारून तिला गप्प केलं.

दुपारी मुलाखतीत एका तज्ज्ञानं कागद उलटेपालटे करत विचारलं, "यांचा तास झालेला दिसत नाही?" विभागप्रमुख म्हणाले, "त्या आमच्याच आहेत." तज्ज्ञानं "अच्छा" म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला. ग्रहणबाई हसली. देवाशप्पथ, हसली! तेव्हासुद्धा म्हणता आलं असतं, की साहेब, आत्ता घेते, वर्ग बाहेरच उभा आहे. पण आपलं माणूस आपली बाजू सांभाळतंय म्हटल्यावर मध्ये कशाला बोला?

घरी येऊन तिनं हे सगळं कौतुकानं सांगितलं. नवरा खूश. सासूबाई मात्र हातातलं निवडणं थांबवून तिच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे तू शिकवलंसच नाहीस?"

"अहो आई, त्यांना माहितीय मी कशी शिकवते."

"भीड ही भिकेची बहीण असते, बाई," एवढंच बोलून सासूबाई पुन्हा निवडायला लागल्या.

आठवड्यानं निकाल लागला. परदेशवाल्याची निवड झाली. ग्रहणबाईला वाटलं काहीतरी चुकलंय. ती तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. त्यांनी आधी पाणी दिलं, मग पंखा वाढवला, मग टेबलावरची पिन उचलून डबीत टाकली. शेवटी म्हणाले, "बाई, मी तरी काय करू? शिकवण्याला निम्मे गुण. तुमचा तास झालाच नाही. झाला नाही तर नियमाप्रमाणे शून्य."

"पण तुम्हीच म्हणालात, राहू दे."

"म्हणालो खरा. पण मला काय ठाऊक, बाहेरचे लोक एवढं धरून बसतील!"

"मग तुम्ही सांगायचं ना त्यांना, ही कशी शिकवते ते. तुम्ही होतात ना तिथे?"

"सांगत होतो हो. तर त्या तज्ज्ञानं मला सरळच विचारलं, तुम्ही स्वतः यांचा तास ऐकलाय का?" विभागप्रमुखांनी खिडकीकडे बघितलं. "आता तिथे खोटं कसं बोलू? नाही ऐकलेला कधी."

ग्रहणबाईला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. अकरा वर्षं! ज्या भिंतीपलीकडे हे बसतात, त्या भिंतीअलीकडे ती रोज बोलत होती. एकदाही हा माणूस आत येऊन पाच मिनिटं टेकला नव्हता. हाच कशाला, कुणीच नाही. घरची, घरची म्हणतात, आणि घरच्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही, पण पिकलंय काय तेच यांना ठाऊक नव्हतं. तिला रडू आलं, संताप आला. तोंडापर्यंत आलेली शिवी मात्र तिनं गिळली.

"उद्या सकाळी माझा शेवटचा तास आहे," ती म्हणाली. "तेवढा तरी ऐकायला या."

"येतो ना. नक्की येतो," विभागप्रमुख म्हणाले. त्यांना फार हलकं वाटलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ताऱ्यांची अंतरं कशी मोजतात ते शिकवायला घेतलं. सगळ्यांना हात लांब करून अंगठा धरायला लावला, मग एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा कसा इकडून तिकडे उडी मारतो बघा! अख्खा वर्ग अंगठे पुढे करून एकेक डोळा मिटत होता, खिदळत होता. कुणीतरी विचारलं, मग तारा उडी मारतो का? ती म्हणाली, "मारतो, पण इतकी बारीक, की ती बघायला माणसाला सहा महिने थांबावं लागतं." वर्ग एकदम शांत झाला. असा शांत वर्ग मिळाला की तिला जगात दुसरं काही नको असायचं, फक्त तेवढं हवं असायचं. खडू उचलून ती फळ्यावर पृथ्वीची कक्षा काढायला लागली. खरी गंमत आता सुरू होणार होती.

दार उघडलं. विभागप्रमुख आले होते. खरंच आले होते! ग्रहणबाईच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला आणि तिनं पुढच्या बाकाकडे हात केला. तेव्हा तिला त्यांच्यामागे तो परदेशवाला दिसला, आणि त्याच्यामागे फूटपट्टी घेतलेला सुतार.

"बाई," विभागप्रमुख दारातूनच म्हणाले, "नव्या सरांना वर्ग दाखवतोय. फळ्याचं मापही घ्यायचंय, ते मोठा मागताहेत. जरा लवकर आटपता का?"

सगळी मुलं तिच्याकडे बघत होती. ती आगाऊ मुलगी तर अर्धी उठलीच होती. फळ्यावर अर्धं वर्तुळ झालेलं, अर्धं राहिलेलं. एकदाच, आयुष्यात एकदाच 'नाही' म्हणायचं होतं, आणि आता तर गमावण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

"हो सर," ग्रहणबाई म्हणाली, "झालंच माझं."