बाटल्यांवरची झाडीबोली

साकोलीहून लाखांदूरच्या एसटीत बसलो तेव्हा मांडीवर रिकामी पेटी होती. रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी आम्ही काही जण पुण्यात जुन्या शालेय प्रयोगशाळांचा संग्रह उभा करतोय. लाखांदूरच्या एका शाळेतल्या बाटल्यांची लेबलं मला हवी होती. तिथल्या शिक्षिका रामटेके मॅडमचे वडील त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. मुलांच्या लक्षात राहावं म्हणून त्यांनी लेबलांवर प्रत्येक रसायनाला झाडीबोलीत, म्हणजे तिथल्या बोलीत, बोलतं केलं होतं. मॅडमनी फोनवर अमोनियाचं लेबल वाचून दाखवलं होतं, ‘मले हुंगू नका’. तेव्हापासून मला चैन नव्हतं. खिडकीबाहेर बांध्या (भातखाचरं) आणि मधूनच एखादी बोडी (लहान तळं) मागे पडत होती. माझं लक्ष कुठे होतं?

शाळेत पोहोचलो आणि प्रयोगशाळेच्या दारातच थबकलो. ओट्यावर रिकाम्या बाटल्या लख्ख धुऊन उपड्या मांडलेल्या. लेबल एकीवरही नाही.

“पुण्याचे पाहुणे येऊन राहिले, मळक्या कशा देऊ?” शिपाई दुर्गाबाई कौतुकानं म्हणाल्या. मॅडम वर्गावर होत्या, त्यांना याचा पत्ताच नव्हता. मला रडू यायचंच बाकी होतं.

“एकच राहिली जी. झाकण गच्च बसलं, भिजवतो,” म्हणत बाईंनी शेवटची बाटली पाण्याच्या टबावर नेली. तळाशी करडी ढेकळं दिसली. सोडियम! हवा-पाणी लागू नये म्हणून वर ओतलेलं रॉकेल कधीच उडून गेलेलं.

“पाण्यात नको!” मी एवढ्यानं ओरडलो की मॅडम वर्गातून धावत आल्या.

“काहून ओरडून राहिले सर?” बाई थिजल्या. त्यांच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं.

“दुर्गाबाई, पानी लागलं तं पेट घेते ते,” मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. “हळूच खाली ठेवा.”

बाटली ओट्यावर टेकली. रॉकेल आता मिळतं कुठे? मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणवलं. सगळ्यांना लांब पिटाळून मी बाटली कोरडी पुसली, झाकण जरा जरा फिरवलं. ते सुटताच पॅराफिनचं तेल आत ओतलं. ढेकळं तेलात बुडाली तेव्हा कुठे श्वास सोडला.

मॅडमनी बाटली वळवली. मागच्या बाजूला पिवळं पडलेलं लेबल होतं. ‘मले पानी दाखवू नका.’

दुर्गाबाई मटकन खालीच बसल्या. “मी मांगून पाह्यलंच नाही जी.”

“बाबाचं अक्षर,” मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी माझ्यापुढे ब्लेड धरलं. “एवढं तरी सोडवून न्या, सर.”

बाटली कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून कपाटात कुलूपबंद केली आणि परतीची एसटी धरली. मांडीवरची पेटी रिकामीच होती. लेबल काढायला मन धजलं नाही. संग्रहात आम्ही निवृत्त झालेल्या वस्तू ठेवतो. ते अजून नोकरीवर होतं.