दोघी एकाच दोरावर

आमच्या नंदुरबारात मिरचीच्या जुन्या गोदामात क्लाइंबिंगची भिंत उभी राहिली, तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. एका शाळेतल्या खेळाच्या सरांनी ती उभारली होती. प्लायवूडची, पार पत्र्यापर्यंत उंच, हातापायांना आधार म्हणून रंगीत ठोकळे बसवलेली. फटींत मिरचीची धूळ अजून होतीच. नवा माणूस आधी शिंकायचा, मग चढायचा. ऑफिस सुटल्यावर सहज बघायला गेले आणि तिथलीच झाले.

माझी जोडीदारीण गावातच शिवणकाम करायची. ओढणी पिना लावून घट्ट, अंगानं अगदी काडी. मी मात्र तापीकाठच्या दूधदुभत्यावर पोसलेली. एकीनं चढायचं, दुसरीनं खाली दोर सांभाळायचा. दोर वरच्या कडीतून फिरून दोघींच्या कमरेला. सुरुवातीला माझी बोटं इतकी दुखायची की भाकरी थापता येईना, पण त्या दुखण्यातही मजा वाटायची.

एका संध्याकाळी मी बरीच वर पोचले. हात दगडासारखे कडक झाले, पाय लटलट उडायला लागले.

खालून ती ओरडली, "ताई, तुन्हा पाय शे का मन्ही मशीन?"

मला हसू फुटलं आणि हात सुटला. मी खाली आले नि माझ्या वजनानं ती सरळ वर! अर्ध्या वाटेत आम्ही समोरासमोर लोंबकळत थांबलो.

"तू कोठे चालनी व?" मी विचारलं.

"मी तं वर चालनी!"

पोट धरून हसायचं, तर हात दोराला. खाली कॉलेजची पोरं गादीवर लोळत होती. सरांनी हसू दाबत आम्हाला उतरवलं आणि तिच्या कमरेला वाळूचं पोतं बांधायला निघाले.

"पोतं बांधाले मी काय म्हैस शे का?" ती म्हणाली.

मग धडगावकडच्या दोन पोरी तिच्या मागे बसल्या, तिचा पट्टा धरून. मी पुन्हा चढले. खालून सगळ्यांचा आवाज, "डावा पाय! आते उजवा! दम धर!" बोटांची आग होत होती. शेवटी हाताचा तळवा पत्र्याला लागला. दिवसभराच्या उन्हानं तो अजून गरम होता. मी इतकी जोरात ओरडले की कबुतरं उडाली.

मग तिची पाळी. ती पालीसारखी सरसर गेली. दोर सांभाळत मी मान वर करून बघत राहिले. तिला धरायला मी एकटी पुरेशी होते.