घरचा विस्तव

तात्यांच्या अग्नीचं मडकं माझ्या हातात विझलं, आणि विझल्याचं मी लपवलं. विझणं ही चूक होती, ती कुणाच्याही हातून होते. लपवण्याला काय म्हणावं ते मला अजून ठरवता येत नाही. लिहायला बसलो की मान खाली जाते.

तात्या म्हणजे माझे वडील. भाद्रपदात, भात पोटरीला आलेलं असताना, पोशेऱ्याच्या आमच्या घरी तापाने ते गेले. मी जव्हारला शाळेत विज्ञान शिकवतो. रजा टाकून पोचलो तेव्हा ते ओळख देत होते, पण बोलणं थांबलं होतं. आई देवापुढे दिवा लावून बसायची आणि मी तिच्या मागे नुसता उभा राहायचो. हात जोडावेत असं आतून वाटत नव्हतं. माझी भक्ती आधीपासूनच सवयीपुरती होती. त्या आठवड्यात सवयही सुटली.

तात्यांचा देव चुलीत होता. जेवायला बसण्याआधी नाचणीच्या भाकरीचा पहिला तुकडा ते विस्तवाला देत. रात्री आई निखाऱ्यांवर राख ओढून चूल निजवायची आणि पहाटे तीच राख सारून फुंकर घालायची. घरात गॅस मीच आणून दिला होता, पण त्यावर फक्त माझा चहा व्हायचा. जुन्या काळी गृहस्थ जन्मभर घरात अग्नी जपत आणि शेवटी त्याच अग्नीने त्यांचं दहन होत असे, हे मी कधीतरी वाचलं होतं. त्याच्याही फार आधी, माणसाला आग पेटवता येत नव्हती तेव्हा, वणव्यातून मिळालेली आग तो या मुक्कामावरून त्या मुक्कामाला जपून नेत असावा. वर्गात मी हे रंगवून सांगतो. तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आपण काय वेगळं करतो?"

आमच्याकडे चितेचा अग्नी घरच्या चुलीतूनच नेतात. आईने स्वतः निखारे काढून मडक्यात भरले, वर गोवरीचे तुकडे ठेवले आणि शिंकाळं माझ्या हातात दिलं. म्हणाली, "नीट ने. घरचाच लागू दे त्यांना." तिरडी उचलली तशी कुणीतरी चुलीवर पाणी ओतलं. सुतक फिटेपर्यंत ती आता पेटायची नव्हती. म्हणजे त्या घराचा जेवढा विस्तव उरला होता तेवढा माझ्या हातात होता. हे मला तेव्हा कळत होतं. नंतर सुचलेलं नाही.

स्मशान ओढ्यापलीकडे आहे. निम्म्या वाटेवर पावसाची सर आली. मी घाबरलो आणि शेजारून चालणाऱ्याच्या हातातली स्टीलची ताटली घेऊन मडक्याच्या तोंडावर गच्च झाकली. दरवर्षी मी मुलांसमोर पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा ठेवतो. ज्योत लहान होते, निळी होते, जाते. मुलं दरवर्षी "गेली!" असं ओरडतात. त्या दिवशी मला त्यातलं काही आठवलं नाही. मला फक्त पाऊस दिसत होता. मारुतीचं देऊळ मागे पडलं तेव्हा लक्षात आलं की पायाला लागणारी मडक्याची धग गेली आहे. ताटली उचलली. आत काळे तुकडे होते.

अग्नी धरणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं. या रिवाजाचा मला त्या क्षणी आधार वाटला, हे कबूल करताना लाज वाटते. मागे सगळा गाव होता, आणि कुणाकडे बघावं लागणार नव्हतं. मी ताटली परत ठेवली आणि चालत राहिलो. कितीतरी दिवसांनी मी तेव्हा देवाला हाक मारली. खरी, पोटातून. पण ती तात्यांसाठी नव्हती. "हे कुणाला कळू देऊ नकोस," एवढंच मी म्हणत होतो. वडील खांद्यांवरून चालले होते आणि मी देवाकडे माझी अब्रू मागत होतो.

स्मशानात चिता रचून झाली. प्रत्येकाने आपल्या घरून आणलेलं एकेक लाकूड त्यावर ठेवलं. पावसाळ्याचं लाकूड, स्वयंपाकासाठी माळ्यावर जपलेलं. मी मडक्याशी बसून उगाच फुंकर घालत होतो. माझा चुलतभाऊ किसनदादा जवळ आला, त्याने मडक्याला बाहेरून हात लावला.

"कधी विझलं?"

"आत्ताच," मी म्हणालो.

गार मडक्यावरचा हात त्याने लगेच काढला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मग उठून म्हणाला, "विस्तव गेला रे."

लोक जवळ आले. कुणी म्हणालं, घरी जाऊन आणा. दुसरं म्हणालं, मयत निघाल्यावर मागे फिरतात का, आणि चुलीवर तर पाणी पडलं. तात्यांसोबत बांधावर बसून बिडी ओढणारे गोविंदकाका म्हणाले, "लायटर आहे माझ्याकडे. पण तात्याने जन्मात बिडीला चुलीतल्या निखाऱ्याशिवाय काही लावलं नाही. काडी ओढली की म्हणायचा, वास मारतो. लावा लायटर, उठून भांडायला बसेल." दोघेतिघे हसले. ते हसणं वाईट नव्हतं, तरी मला ते झोंबलं.

"पाऊस परत येतोय," किसनदादा मला म्हणाला. "मुलगा तू आहेस. तू सांग, काय करायचं?"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि ठरवलं नव्हतं ते बाहेर आलं. "आत्ता नाही विझलं दादा. मारुतीपाशीच विझलं. पाऊस लागू नये म्हणून मी ताटली झाकली होती. कळलं तरी बोललो नाही."

गोविंदकाका म्हणाले, "झाकण घातलंस? अरे मग शाळेत शिकवतोस तरी काय, मास्तर?"

जे कळू नये म्हणून देवाला साकडं घातलं होतं ते सगळ्या गावासमोर उघडं झालं होतं. तिथे ओल्या जमिनीवर बसून मी मनात म्हणालो, माझं जे व्हायचं ते झालं, आता त्यांचं तू बघ. त्या दिवसातली तात्यांसाठीची ती पहिली प्रार्थना. तीही काही मोठ्या श्रद्धेने केली नव्हती. दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून केली.

तेवढ्यात ओढ्याच्या गावाकडच्या काठावरून बाईची हाक आली. पाड्यावरची यमुना होती. दरवर्षी भाताच्या आवणीला, रोपं लावायला, आमच्या शेतावर येते. डोक्यावर पानांचं इरलं, आणि त्या इरल्याच्या आडोशाला दोन्ही हातांत धरलेलं लोखंडी घमेलं. घमेल्यात राख दिसत होती. बायका आमच्याकडे स्मशानात येत नाहीत, म्हणून ती काठावरच थांबली होती. किसनदादाने ओरडून विचारलं, "काय गं? कुणी बोलावलं तुला?"

"कोन बोलावतंय? सासू तर नको म्हनत व्हती," ती म्हणाली. "चितेवर घालाया घरात एक लाकूड कोरडं नाय, दादा. समदं वलं. म्हनून विस्तूच आनला."

"कसला विस्तव?"

"तुमचाच! माझी काडेपेटी भिजली तवा मागाया आल्ते. तात्या पडल्या जाग्यावरनं बोलले, भरून दे तिला. तवापास्नं तो इजू नाय दिला मी. त्येंचाच हाय, त्येंनाच लागू द्या."

ती मागायला आली तेव्हा मी जव्हारला होतो. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मडकं विझलं हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती पाड्यावरून निघाली तेव्हा आम्ही अजून घराच्या अंगणातच असणार. मी ओढा ओलांडून गेलो आणि तिच्या हातून घमेलं घेतलं. तिचे डोळे धुराने लाल झाले होते. ओल्या लाकडांवर चूल जागती ठेवायची म्हणजे काय, हे तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून कळलं. राख बाजूला केली, फुंकर घातली. निखारा आतून उजळला. गोविंदकाकांनी सदऱ्याच्या आत कोरडा ठेवलेला टॉवेल काढून पुढे केला, कुणी तूप ओतलं, आणि तात्यांना घरचा विस्तव लागला. सर आली ती चिता चांगली धडधडल्यावर. तोपर्यंत पावसाचं तिच्यापुढे काही चालण्यासारखं राहिलं नव्हतं.

यात चमत्कार होता का, असं मला कुणी विचारलं तर मी गप्प बसेन. हे सिद्ध करायचं मला काही कारण नाही. एवढंच सांगतो की मी जे मागितलं ते मला मिळालं नाही, आणि जे मागायचं सुचलंही नव्हतं ते माझ्या आधी वाटेला लागलं होतं. तात्यांनी ते अंथरुणावरून, दुसऱ्याची चूल पेटावी म्हणून, भरून दिलं होतं.

घरी परतलो. आई दारात कडुनिंबाचा पाला घेऊन उभी होती. तिने विचारलं, "घरचाच लागला ना रे?"

"हो" म्हटलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. बरोबरचे लोकही माझ्याकडे बघत होते. कुणी काही बोललं नसतं.

"घरचाच लागला," मी म्हणालो. "पण माझ्याकडचा विझला होता, आई. मी ते लपवूनही ठेवलं. यमुनेने पोचवला."

आईने पाला माझ्या हातावर ठेवला आणि ती म्हणाली, "पोचला ना. चावून थुंक, आणि आत ये."

त्यानंतर देवासमोर उभा राहिलो की मागण्याआधी जे घडलं असेल ते सांगून टाकतो. कळू नये, असं त्याच्याकडे पुन्हा मागायचं धाडस होत नाही. लाज गेलेली नाही. ती जावी असंही वाटत नाही. यमुनेचे उपकार फेडायचा विचार मी पुष्कळ केला. आता सोडून दिला आहे. ते फिटणारे नाहीत, आणि ते तसेच अंगावर राहावेत, एवढीच माझी प्रार्थना उरली आहे.