थांबाकाकांच्या खिशातली अकरा मिनिटं

थांबाकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोला आणि कंपनीच्या पगारपत्रकालाच ठाऊक होतं. बाकी जगाचे ते थांबाकाका. कुठल्याही बंद पडलेल्या लिफ्टसमोर आले की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "थांबा". मग वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब कितीही नाचोत, काका आधी मेन स्विच बंद करायचे, पेटीला कुलूप घालायचे, चावी शर्टाच्या वरच्या खिशात टाकायचे आणि खिशाचं बटण लावायचे. हे सगळं झाल्यावरच हत्यारांची पिशवी उघडायची.

याला कारण होतं. काका नवखे असताना त्यांचे उस्ताद वर लिफ्टच्या चाकावरची तार तपासत होते आणि खाली कुणा शहाण्याने "बघू तरी सुरू होतेय का" म्हणून स्विच दाबला. उस्तादांची तीन बोटं गेली. त्या दिवसापासून काकांच्या कामाच्या चावीला त्यांच्या खिशाशिवाय दुसरी जागा नव्हती. एकतीस वर्षं हा नेम एकदाही मोडला नव्हता.

या धंद्यात आभार कुणी मानत नाही, हेही इथेच सांगायला हवं. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस बाहेर आला की असा बघतो, जणू काकांनीच त्याला आत कोंडलं होतं. मग तो तरातरा निघून जातो. काकांना त्याचं वाईट वाटेनासं झालं होतं. उलट कुणी चुकून "बरं झालं आलात" म्हटलंच, तर काकांची जीभ टाळ्याला चिकटायची. स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टनेही ते खाली उतरत नसत. लोकांशी काय बोलायचं ते सुचत नाही म्हणून पिशवी खांद्याला लावून जिन्याने काढता पाय घ्यायचे. काकू म्हणायच्या, यांना तारेची भाषा कळते, माणसांची नाही.

तर असे हे काका एका रविवारी मोटारींच्या शर्यतीला गेले. हौसेने नाही. जावयाने दोन पास आणून दिले होते आणि आयत्या वेळी जावई स्वतः तापाने पडला. पास वाया जातील, या एकाच दुःखापायी काका डबा घेऊन निघाले. काकूंनी धुरात बसायला साफ नकार दिला.

शर्यत हौशी लोकांची होती. विमानं उतरायची बंद झालेली जुनी धावपट्टी आणि तिच्या भोवतीचा रस्ता, एवढंच मैदान. आठवडाभर कुणी दात उपटायचा, कुणी शाळेत गणित शिकवायचा, कुणी नळ बसवायचा, आणि वर्षातून एकदा ही मंडळी डोक्यावर हेल्मेट चढवून घरच्याच खटाऱ्यांतून सुसाट सुटायची. सकाळी अकराला सुरुवात, संध्याकाळी पाचला झेंडा. नंबर कुणाचा येतो याची फारशी मारामारी नव्हती. ऐंशी फेऱ्या भरायच्या आणि पाचच्या झेंड्याला गाडी स्वतःच्या इंजिनावर रेषेपार न्यायची. एवढं जमलं की शर्यत पुरी केल्याचं मानलं जाई, आणि या लोकांना त्याचंच अप्रूप.

काका दुरुस्तीच्या तंबूंपाशी सावली बघून बसले होते. समोरच्या तंबूत आरसे आणि काचेचं दुकान चालवणारे बहीण-भाऊ होते. भाऊ गाडी चालवायचे. थोरली ताई फेऱ्या मोजायची आणि भाऊंना दिसेल असा आकड्यांचा फळा कठड्यावरून उंच धरायची. ताई बोलकी होती. तिने काकांना चहा दिला आणि चहा संपायच्या आत घरची सगळी हकिकत सांगून टाकली. नऊ वर्षं दोघं इथे येत होती आणि नऊ वर्षांत गाडी एकदाही शेवटपर्यंत गेली नव्हती. कधी पाणी उकळलं, कधी टायर फाटलं, एकदा तर शेवटच्या अर्ध्या तासात पेट्रोल संपलं. तो दोष आपला, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं.

"आणि यंदा शेवटचं," ती म्हणाली. भाऊंच्या नजरेच्या कडा मिटत चालल्या होत्या. समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं दिसेनासं झालं होतं. दुकानात डाव्या हाताला उभा केलेला पुरुषभर उंचीचा आरसा त्यांच्या कोपराने फुटला, तेव्हा घरात कळलं. डॉक्टरांनी मोठ्या मिनतवारीने या एका शर्यतीचा दाखला दिला होता. पुढच्या वर्षी तो मिळणार नव्हता.

काकांनी मान हलवली. मग त्यांनी कप धुऊन परत दिला.

तीन चाळीसला, सहासष्टावी फेरी संपता संपता, काचवाल्यांची गाडी रांगत रांगत तंबूत आली. इंजिन चालू होतं, पण पाय दाबला तरी वेग घेत नव्हतं. ॲक्सिलरेटरची तार पायाशीच तुटली होती. ताईने जादा तार आणली होती खरी, पण ती निघाली दुसऱ्याच गाडीची, वीतभर आखूड. दुकानदाराने तीच म्हणून दिली होती आणि तिने मोजून घेतली नव्हती. काच सुताभरही इकडची तिकडे होऊ न देणारी बाई इथे मात्र विश्वासावर गेली होती. तिने कपाळावर हात मारून घेतला.

शेजारच्या तंबूतला वेल्डर धावत आला. म्हणाला, दोन मिनिटांत झाळून देतो. त्याने यंत्र ओढत आणलंसुद्धा. भाऊ हेल्मेट मांडीवर घेऊन गाडीतच बसले होते आणि समोर एकटक बघत होते. माणूस आतून खचला की असाच बसतो.

तेवढ्यात त्या गडबडीत एक आवाज आला, "थांबा."

काकांनाच नंतर कळलं की तो आपला आवाज होता. लोक वळून बघायला लागले. आता बोलणं भाग होतं. ते म्हणाले, "पिळाची तार भाजायची नसते. वरून घट्ट दिसेल, पण ठिसूळ होईल आणि दहा मिनिटांत तुटेल. आम्हा लिफ्टवाल्यांचं सगळं आयुष्य या तारेवरच लटकलेलं असतं."

वेल्डर भला माणूस होता. तो बाजूला झाला. काकांनी हात घालून इंजिन बंद केलं, चावी काढली, खिशात टाकली, बटण लावलं आणि मग ते गाडीत पालथे शिरले.

आधी त्यांनी तारेचं टोक फडक्याने पुसून घेतलं. ताईचा जीव घड्याळात अडकला होता आणि हा माणूस पुसत बसला होता. पण पुसल्यावर दिसलं की तार नुसती टोकालाच नाही, बोटभर वरपर्यंत उसवलेली होती. तेवढी छाटून टाकली. मग काकांनी ध्वनिक्षेपकवाल्याला बोलावून वायरी जोडायचं चौकोनी प्लास्टिक मागितलं आणि ते फोडून आतली दोन स्क्रूंची पितळी नळी काढली. तार तिच्यातून ओवली, टोक पेडलच्या कडीतून दुमडून पुन्हा आत घातलं आणि दोन्ही स्क्रू आवळले. छाटल्यामुळे तार आखूड पडत होती, म्हणून दुसऱ्या टोकाच्या चाकीचे आटे सोडून तेवढी ढील मिळवली. पेडल हाताने वीस वेळा दाबून बघितलं. मग आणखी वीस वेळा. शेजारचे दोन चालक टॉर्च धरून उभे होते. त्यांची स्वतःची गाडी पुढे उभी होती, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

बरोबर चारला काका बाहेर आले. "पेडल आपटू नका, पाय ठेवून दाबा," एवढंच म्हणाले. टाळ्या वाजल्या. कुणीतरी पाठीवर थाप मारली, ताई काहीतरी बोलायला पुढे झाली, आणि काकांच्या अंगवळणी पडलेलं होतं तेच झालं. हात धुऊन येतो म्हणून ते नळाकडे गेले, नळाकडून फाटकाकडे आणि फाटकातून बसच्या थांब्याकडे.

इकडे भाऊंनी हेल्मेट चढवलं, पट्टा बांधला आणि चावीला हात घातला. चावी नव्हती.

गाडीखाली शोधलं, गालिचा उचकटला, वेल्डरने स्वतःचे खिसे उलटे केले. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. अजून चौदा फेऱ्या हव्या होत्या आणि त्यांना चाळीसेक मिनिटं तरी लागणार होती. शेवटी त्या टॉर्चवाल्यांपैकी एकाला आठवलं. ध्वनिक्षेपकावरून आवाज गेला: लिफ्टवाले काका, आपण जिथे असाल तिथून कृपया आपल्या खिशात बघा.

काका थांब्यावर बसची वाट बघत होते. त्यांचा हात छातीवर गेला. बटण लावलेलं होतं, आणि बटणाखाली चावी होती.

अठ्ठावन्नाव्या वर्षी काका धावले. डब्याची पिशवी थांब्यावरच राहिली. तंबूत पोचून त्यांनी धापा टाकत चावी पुढे केली. ताईने चावी घेतली, भाऊंच्या हातात दिली, आणि चार अकराला गाडी बाहेर पडली. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

आता बस आली असती तरी काकांचे पाय उचलले नसते. जोडलेली तार टिकेल, याची त्यांना खात्री होती. पण आपल्या अकरा मिनिटांपायी या माणसाची शेवटची शर्यत हुकली तर? ते शेवटच्या रेषेजवळ कठड्याला धरून उभे राहिले आणि फेऱ्या मोजू लागले. सत्तर. त्र्याहत्तर. प्रत्येक वेळी गाडी वळणावर दिसली की ते तिचा आवाज कान देऊन ऐकत. शहात्तर. ताई थोडी पुढे, समोरच्या कठड्यावर फळा धरून उभी होती. तिने त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. एकोणऐंशी. चार पन्नासला ताईने ऐंशीचा आकडा उचलला तेव्हा काकांच्या जिवात जीव आला, पण पुरता नाही. अजून दहा मिनिटं गाडी चालायला हवी होती.

पाच वाजले. एकेक गाडी झेंडा बघून रेषेपार गेली आणि तंबूकडे वळली. काचवाल्यांची गाडी सगळ्यांत शेवटी वळणावर आली. झेंडेवाला डावीकडे, वळणाला लागूनच, एका स्टुलावर उभा होता. त्याने दोन्ही हातांनी झेंडा फिरवला. गाडी रेषेपार गेली. लोक ओरडले. ताईच्या हातातला फळा खाली पडला आणि ती तोंडावर हात धरून रडायला लागली.

गाडी मात्र तंबूकडे वळली नाही. तोच वेग ठेवून ती सरळ पुढे गेली आणि रिकाम्या रस्त्यावर आणखी एका फेरीला निघाली.

आधी लोकांना वाटलं, आनंदाच्या भरात जास्तीची फेरी मारतोय. कुणी हसलं, कुणी शिट्टी वाजवली. मग ताईचं रडणं एकाएकी थांबलं. काकांनाही त्याच क्षणी उमगलं. झेंडा डावीकडून हलला होता. शर्यत संपल्याचं पुढे ताईच्या फळ्यावरून कळायचं, तर तो फळाही खाली पडलेला. भाऊंच्या लेखी शर्यत अजून चालूच होती.

त्या फेरीला तीन मिनिटं लागली. या वेळी वेल्डर आणि दोघंतिघं रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. गाडी हळू होत थांबली. काका कठडा ओलांडून गेले. ताई त्यांच्या मागोमाग आली.

भाऊंनी काच खाली केली. "किती राहिलं?"

"झालं, भाऊ," काका म्हणाले. "मागच्याच फेरीला झालं."

"झेंडा दाखवला?"

"दाखवला."

"कुठून?"

"डावीकडून."

भाऊंनी हळूहळू हेल्मेट काढलं. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली तो झेंडा त्यांच्या खांद्यापासून चार हातांवर हलला होता आणि त्यांना तो दिसला नव्हता. ताईने खिडकीतून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

काकांना राहवेना. म्हणाले, "माझ्यामुळे अकरा मिनिटं गेली. मी माफी मागायला थांबलो होतो."

"तुम्ही नसतात तर आम्ही चारलाच घरी गेलो असतो," भाऊ म्हणाले. "काका, तुमचे उपकार आहेत. हे मला नीट म्हणायचं आहे, तर ऐकून घ्या. पळून जाऊ नका. आणि आता आणखी एक काम करा. तुम्ही रेषेपाशीच होतात ना? तुम्ही बघितलंत. मग मला सांगा कसं झालं ते."

शेजारचं आसन शर्यतीसाठी काढून टाकलेलं होतं. काका दार उघडून तिथल्या उघड्या पत्र्यावर बसले. सांगण्याची त्यांना सवय नव्हती. आधी त्यांनी घसा खाकरला. मग सावकाश सांगायला लागले. झेंडेवाला बुटका होता आणि स्टुलावर चढला होता. गाडी वळणावर असतानाच त्याने झेंडा उचलला, कारण त्याला माहीत होतं की ही शेवटची आहे. दोन्ही हातांनी फिरवला. त्याची टोपी पडली, ती त्याने उचलली नाही. इंजिनाचा आवाज स्वच्छ होता, कुठेही अडखळत नव्हता. गाडीचं पुढचं चाक रेषेवर आलं तेव्हा झेंडा तिच्या टपावरून गेला, अगदी जवळून. आणि ताईंच्या हातून फळा पडला.

भाऊ डोळे मिटून ऐकत होते. काकांचं सांगून झालं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"टपावरून गेला म्हणालात," ते म्हणाले. "परत सांगा."

काकांनी पहिल्यापासून परत सांगितलं.