तात्पुरती माझ्या नावाने

त्या मॅनेजरचा मला आजही राग येतो आणि तो ओसरावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

वाघोलीजवळच्या त्या ऑफिसात माझं काम साधं होतं. दुकानांच्या विक्रीची माहिती उचलणारं सॉफ्टवेअर क्लाऊडवरच्या डेटा वेअरहाऊसला, म्हणजे कंपनीच्या माहितीच्या कोठाराला, जोडून द्यायचं, की माहिती आपोआप तिथे जाऊन पडते. अशा जोडणीसाठी वेगळं खातं काढायचं असतं. माणसाचं खातं वापरायचं नसतं, कारण माणूस नोकरी सोडतो, त्याचं खातं बंद होतं आणि जोडणी तुटते. हे मी त्याला तोंडी सांगितलं, ईमेलवरही कळवलं.

"अहो, खातं कोणाचंही असलं तरी काय फरक पडतो? तात्पुरतं तुमच्या नावाने जोडून टाका."

आमच्याकडे तात्पुरतं म्हणजे कायमचं. जोडण्या वाढत गेल्या, सगळ्या माझ्याच नावावर. नोकरीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी पुन्हा आठवण करून दिली, तर त्याने मोबाईलमधून मानसुद्धा वर काढली नाही. दुपारी एचआरने नियमाप्रमाणे माझं खातं बंद केलं आणि सगळ्या जोडण्या तुटल्या.

तो तरातरा आला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "हे तुम्ही मुद्दाम केलंत! निस्तरा, नाहीतर रिलीव्हिंग लेटर विसरा."

माझं डोकंच फिरलं. सोमवारी नवी नोकरी सुरू होणार होती आणि जुन्या नोकरीतून मोकळं केल्याच्या त्या पत्राशिवाय तिथे मला दारात उभं केलं नसतं. भीती वाटली, नाही असं नाही. पण कर्वेनगरहून रोज इतक्या लांब धूळ खात यायचं आणि जाताना वर हा आळ घेऊन जायचं?

"निस्तरते की," मी म्हटलं. "वेगळ्या खात्याला परवानगी लागते, ती आज मिळणार नाही. तुमचं खातं चालू आहे. आणा लॅपटॉप, तुमच्या नावाने जोडते."

त्याचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या नावाने नको."

"का? कोणाचंही असलं तरी काय फरक पडतो?"

आजूबाजूचे कीबोर्ड थांबले होते. तो जायला वळला.

"मग मुद्दाम कोणी केलं, ते तुमच्या इनबॉक्समधले माझे ईमेल घेऊन एचआरला विचारू या का?"

त्याने माझ्याकडे न बघता फोन उचलला आणि पत्र द्यायला सांगितलं. मी पत्र घेऊन निघाले, तेव्हा जोडण्या तुटलेल्याच होत्या आणि त्याचा लॅपटॉप बंद होता.